कलमकाका

पुण्याच्या नारायण पेठेत आमचा वाडा आहे. त्याच्या पहिल्या मजल्यावर, जिना संपतो तिथल्या दारावर तीन वस्तू लावलेल्या आहेत. एक नावाची पाटी, एक टपालाची पेटी आणि प्लास्टिकच्या कागदात घालून चार खिळ्यांनी ठोकलेला, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधल्या कलम २८ चा उतारा. पाटीवरची अक्षरं उडाली आहेत. उतारा मात्र दर दिवाळीला नव्याने लिहून लागतो. त्यामुळे दारामागच्या गृहस्थांचं खरं नाव पोस्टमन सोडून कुणाला धड ठाऊक नाही. सारा वाडा त्यांना कलमकाका म्हणतो.

कलम २८ तसं गरीब कलम आहे. भाड्याने दिलेल्या जागेची पाहणी करायचा घरमालकाला हक्क आहे. मात्र आधी सूचना द्यावी आणि वाजवी वेळी यावं, एवढंच ते सांगतं. सूचना किती आधी द्यायची, यावर ते गप्प. वाजवी म्हणजे किती वाजता, यावरही गप्प. कायदा करणाऱ्यांना वाटलं असावं, की दोन भली माणसं एवढं तरी आपसात ठरवतील. काका भले आहेत यात शंका नाही. पण कायदा हाताशी असताना आपसात ठरवणं त्यांना लाच घेतल्यासारखं वाटतं.

काका एका सरकारी कचेरीतून निवृत्त झाले. नोकरीभर आवक-जावक सांभाळली. नोंद झाल्याशिवाय कागद आला असं समजायचं नाही आणि पोच फाइलला लागल्याशिवाय कागद गेला असं समजायचं नाही, हे तिथलं शिक्षण त्यांनी पेन्शनबरोबर घरी आणलं. अंगात बनियन, बनियनच्या गळ्याला अडकवलेलं पेन, खाली लेंगा आणि हाताशी अप्पा बळवंत चौकातून करून आणलेला रबरी शिक्का : ‘मिळाले. मजकूर मान्य नाही.’ मालकांकडून दिवाळीचं शुभेच्छापत्र आलं तरी त्यावर हा शिक्का बसतो आणि तारीख-वेळ टाकून पोच परत जाते. मालकांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली तिच्यावरही बसला. काका-काकू लग्नाला गेले, आहेर केला, जिलबी मागून घेतली. मजकूर अजून मान्य नाही.

हा स्वभाव जन्मजात नव्हे. त्यामागची कथा काकूंकडून कळते. थोरले मालक हयात असताना किल्ल्यांचा जुडगा घेऊन वाड्यात फिरायचे आणि ‘नळ बघतो जरा’ म्हणत कुणाच्याही घरात शिरायचे. नळ बघता बघता चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचलायचे, भाजी कसली आहे ते बघायचे. दोरीवरच्या वाळत्या कपड्यांवरून घरात किती माणसं राहतात याचा अंदाज घ्यायचे, कारण पोटभाडेकरू ठेवल्याचा संशय त्यांना आमच्यातल्या प्रत्येकाबद्दल होता. एकदा काकू न्हाणीत असताना ते आत येऊन माजघरात बसले आणि चहा नाही का म्हणाले. काकूंनी आतून जे ऐकवलं ते पेठेच्या लौकिकाला साजेसंच होतं. काका मात्र एक शब्दही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना त्यांनी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ विकत आणला.

त्यात कलम १०८ सापडलं. भाडं भरणाऱ्याला जागेचा उपभोग बिनअडथळा मिळाला पाहिजे आणि जागेची स्थिती बघायला मालकाला भाडेकरूने वाजवी वेळी आत येऊ दिलं पाहिजे, अशा दोन्ही गोष्टी त्या एकाच कलमात नांदतात. पुढे १९९९ चा कायदा झाला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि आधी सूचना द्यायची अट त्यात लेखी आली. त्या दिवशी काकांकडे श्रीखंड होतं. दोन्ही कायद्यांत ‘वाजवी’ आहे हे काका आवर्जून दाखवतात. ‘एकशे सतरा वर्षं मध्ये गेली, पण त्या वाजवीला घड्याळ लावायची कुणाची छाती झाली नाही,’ असं म्हणून ते समाधानाने मान हलवतात. ते घड्याळ लावायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे.

थोरले मालक गेले आणि कारभार धाकट्यांकडे आला. हे कोथरूडला राहतात, स्वभावाने मवाळ, वडिलांचा जुडगा त्यांनी कधी हातातही धरला नाही. पण मवाळ झाले तरी मालकच. मालकाची पाहणी निव्वळ पाहणी कधीच नसते, हे काका जाणून आहेत. लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम केलं, जागा दुसऱ्याला पोटभाड्याने दिली, सहा महिने कारणाशिवाय वापरलीच नाही, असं काही दिसलं तर १९९९ च्या कायद्यातल्या कलम १६ खाली जागा परत मागता येते. प्लंबर मोरीकडे बघत असतो तेव्हा मालकांचा मोबाइल माजघराकडे बघत असतो. शिवाय काकांनी आतल्या खोलीत एक भिंत घातली आहे अशी वाड्यात कुजबुज होती. दार किलकिलं झालं की काहीतरी उंच, आडवं, पिवळट असं दिसे. थोरल्या मालकांनी त्या भिंतीपायी झोप घालवली आणि वारसाहक्काने ती काळजी धाकट्यांना मिळाली.

या सगळ्यात माझा संबंध एवढाच, की मी काकांच्या बरोबर खाली राहतो. त्यांच्या मोरीची गळती माझ्या छतातून येते. सकाळी सहाच्या सुमारास काकांची आंघोळ होते. मी पलंग सरकवायला विसरलो तर माझीही होते, त्याच पाण्याने. मी मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, ‘बघून घेतो, त्यात काय!’ हे वाक्य ज्याने उच्चारलं त्याने कलमकाकांना ओळखलं नाही असं समजावं.

धाकट्या मालकांनी रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर निरोप धाडला : ‘काका, उद्या प्लंबरला घेऊन येतो.’ उत्तर टपालाने गेलं. काका धाकट्यांना लहानपणापासून पाहत आले आहेत, त्यामुळे तोंडी ‘अरे’ आणि लेखी ‘आपण’ असा त्यांचा रिवाज आहे. ‘आपला संदेश मध्यरात्रीस दहा मिनिटे कमी असताना प्राप्त झाला. त्यातील ‘उद्या’ हा दहा मिनिटांनी सुरू होणारा की त्यानंतरचा, याचा बोध होत नाही. पाहणीचे प्रयोजन, सोबत येणाऱ्या इसमांची नावे व अवजारांची यादी कळविल्यास विचार करता येईल. तसदीबद्दल क्षमस्व.’

तसदीबद्दल क्षमा मागायला काका कधी चुकत नाहीत.

मग वकिलाची नोटीस आली. वाड्यातल्या इतरांना नोटीस म्हटली की घाम फुटतो, दाराला कुलूप घालून मागच्या बाजूने पळणारेही आम्ही पाहिले आहेत. काका त्यांना कच्चे म्हणतात. पत्ता बरोबर लिहून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेला कागद पोचला असंच कायदा धरून चालतो, घ्यायला नकार दिला तरी सुटका नाही, हे १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमधलं कलम २७ त्यांनी आम्हाला चौकातल्या कट्ट्यावर बसवून शिकवलं आहे. स्वतः काका पोस्टमनला पाणी विचारतात, सही करतात, शिक्का मारतात. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं, तेव्हा काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पोच अजूनही मिळते असं पोस्टमनने समजावल्यावर जेवले.

नोटिशीला त्यांनी चार पानी उत्तर दिलं. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात निदान चोवीस तास आधी लेखी सूचना द्यावी असं म्हटलं आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. मालकांच्या वकिलांनी उलट कळवलं, की तो केंद्राने राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो आणि त्यात तासांचा हिशेब नाही. काकांचं यावरचं उत्तर एका ओळीचं होतं : ‘लागू नाही हे मान्य, पण चांगले आहे हे आपणांस अमान्य आहे काय?’ वकिलांनी दुसरा अशील बघायला सुरुवात केली, असं ऐकलं.

राहिला प्रश्न वाजवी वेळेचा. काकांनी आठवड्याचं कोष्टक मालकांना रवाना केलं. सोमवारी काकांचा उपास, चित्त थाऱ्यावर नसतं. मंगळवारी काकू भजनाला जातात, घरात बाईमाणूस नसताना परक्या पुरुषांची ये-जा नको. बुधवारी पेन्शनरांची बैठक. शुक्रवारी काकूंच्या सवाष्णी. शनिवारी मारुती. रविवारी पाहणी करणं हा प्लंबरच्या साप्ताहिक सुट्टीच्या हक्कावर घाला. उरला गुरुवार, सकाळी अकरा ते अकरा वाजून वीस मिनिटं. मालकांनी आनंदाने होकार कळवला. जलवाहिन्या आणि पंपांच्या दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं असलं की पुण्याची महापालिका बहुतेक वेळा गुरुवार धरते, हे त्या बिचाऱ्यांच्या लक्षात आलं नाही. कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीत टँकर येत असावा.

गुरुवार उजाडला. नळाला पाणी नव्हतं. काकांनी मला पंच म्हणून वर बोलावून घेतलं. दारापासून मोरीपर्यंत जमिनीवर खडूच्या दोन समांतर रेघा ओढलेल्या होत्या. ‘नोटीस मोरीपुरती आहे,’ काका म्हणाले. ‘रेघेच्या आत चाला. मान स्वयंपाकघराकडे वळवू नका. अरे, तू पायातलं काढ आधी.’ शेवटचं वाक्य मालकांना होतं. आतल्या खोलीचं दार बंद करून त्यावर चादर टांगली होती. मालकांनी तिकडे बघायचं नाही असा प्रयत्न केला, त्यामुळे ते तिकडेच बघत राहिले.

मोरी ठणठणीत कोरडी होती. आदल्या रात्रीपासून काकांनी ती वापरलीच नव्हती. पुरावा बदलू नये म्हणून, असं त्यांचं म्हणणं. प्लंबरने नहाणी ट्रॅपची जाळी काढली, बोट घातलं, पाइपच्या जॉइंटवर टिचकी मारली आणि म्हणाला, ‘एक बादली पाणी ओता, लगेच कळेल.’

‘नोटिशीत पाहणी लिहिलंय,’ काका म्हणाले. ‘चाचणी लिहिलेलं नाही.’

काकू आतून म्हणाल्या, ‘अहो, पिंपातलं देते ना मी बादलीभर!’

‘तू नोटिशीत पक्षकार नाहीस.’

अकरा वाजून वीस मिनिटांनी पंचनामा झाला. ‘मोरी पाहिली. गळती आढळली नाही.’ खाली सगळ्यांच्या सह्या झाल्या, माझीही झाली. माझ्याच छतातून गळणारं पाणी गळत नाही असं लिहून देणारा पेठेतला पहिला माणूस मी असेन. काकूंनी सगळ्यांना पोहे दिले. ते मात्र रेघेबाहेर बसून खायची मुभा होती.

मवाळ माणसाचा राग वाईट. मालकांनी चिडून जिन्यातला दिवा काढून नेला. त्यांना वाटलं, अंधारात काकांचा कायदा दिसेनासा होईल. काकांनी विजेरीच्या उजेडात कलम २९ उघडलं : पाणी, वीज, जिन्यातले आणि वाटेवरचे दिवे या अत्यावश्यक सोयी मालकाला योग्य कारणाशिवाय तोडता येत नाहीत. तिसऱ्या दिवशी दिवा परत आला, आधीपेक्षा जास्त उजेडाचा. त्यानंतर मालक एकदा रागाच्या भरात ‘दाराला दुसरी किल्ली लावून शिरतो’ म्हणाले, तर काकांनी त्यांना भारतीय न्याय संहितेतलं गृह-अतिक्रमणाचं कलम ३२९ तोंडपाठ म्हणून दाखवलं. १ जुलै २०२४ ला नवी संहिता आल्यावर त्यांनी आपल्या उत्तरांच्या नमुन्यांतले जुन्या दंड संहितेचे सगळे ४४१ आणि ४४८ लाल शाईने खोडून ३२९ केले होते.

मग मीच शहाणपणा करायला गेलो. म्हटलं, काका, मालकांना धड बघू देत नाही तर निदान तुम्ही तरी मोरी करून घ्या. काकांचा चेहरा उजळला. भाडे कायद्याचं कलम १४! मालकाने जागा राहण्याजोगी ठेवायची असते. ठेवली नाही तर भाडेकरूने निदान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, वाजवी काळ वाट बघावी, स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. ज्या मालकाला धड पाहणी करू दिली नाही त्यालाच ‘आपण दुरुस्ती करीत नाही’ अशी नोटीस देताना काकांना काहीही वावगं वाटलं नाही. पंधरा दिवस गेले, वाजवी काळही गेला, प्लंबर आला आणि म्हणाला, नुसतं बघायला येण्याचे तीनशे. काकांनी वही काढली. वर्षात वळता करायचा खर्च त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त असता कामा नये. काकांचं भाडं, कायद्याने दिलेली दरसाल चार टक्क्यांची वाढ धरून, महिना नव्वद रुपये. वर्षाचे एक हजार ऐंशी. त्याचा चौथा हिस्सा दोनशे सत्तर.

‘तीस रुपये जास्त होतात,’ काका प्लंबरला म्हणाले. प्लंबरने पाना पिशवीत टाकला.

‘तीस मी देतो,’ मी म्हणालो.

‘तुमचा काय संबंध? तुम्ही त्रयस्थ.’

मी त्रयस्थ म्हणून खाली आलो आणि पलंग आणखी हातभर सरकवला.

पुढे जे व्हायचं ते श्रावणात, मध्यरात्री झालं. जॉइंट सुटला. माझ्या छताचा पोपडा माझ्या उशीवर आला आणि वरून काकूंची हाक आली. वर गेलो तर काकांच्या घरात घोटाभर पाणी. काका लेंगा गुडघ्यापर्यंत वर करून उभे होते आणि हयातीत पहिल्यांदा कुठलंही कलम न उच्चारता ओरडत होते, ‘मालकांना बोलवा! मुख्य कॉक त्यांच्या कुलपात आहे!’

धाकटे मालक कोथरूडहून पावसात धावत आले. तळमजल्यावरचा कॉक बंद केला, तरी टाकीत साठलेलं पाणी वाहतच होतं. आतून पाइपला बोळा घालायला हवा होता. मालक जिना चढले, चपला काढल्या आणि उंबऱ्यापाशी थांबले.

‘काका, लेखी काही?’

‘अरे, आत ये आधी!’

‘सूचना दिलेली नाही मी. ही वेळही वाजवी म्हणता येणार नाही. उद्या तुम्ही म्हणाल, मध्यरात्री शिरला. मला ३२९ पाठ आहे, तुम्हीच शिकवलंत.’

त्या माणसाच्या आवाजात थट्टेचा लवलेश नव्हता. काकांनी इतक्या वर्षांत एक उत्तम विद्यार्थी घडवला होता. काकूंनी कपाळावर हात मारला. काकांनी बनियनच्या गळ्याचं पेन काढलं आणि भिंतीला कागद लावून लिहिलं : ‘आपणांस आत येण्यास माझी संमती आहे.’ मालक म्हणाले, ‘वेळ टाका.’ काकांनी वेळ टाकली. ‘पंचाची सही?’ मी केली. मालकांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून कागद तीत ठेवला, तिचं तोंड बांधलं आणि मग आत पाय टाकला. खडूच्या रेघा तेवढ्या वेळात वाहून गेल्या होत्या.

पाइपला बोळा बसला. पाण्याचा आवाज थांबल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं, की आतल्या खोलीचं दार सताड उघडं आहे. मालकांनी बॅटरी मारली. भिंत होती. जमिनीपासून तुळईपर्यंत, खोलीचे सरळ दोन भाग करणारी. पिवळ्या फायलींची, सुतळीने बांधलेली, वर्षवार. खालचे थर थोरल्या मालकांच्या नोटिशींचे, वरचे धाकट्यांच्या, प्रत्येकीवर काकांच्या उत्तराची प्रत आणि पोच. ज्या भिंतीची पाहणी करायला दोन पिढ्या नोटिसा धाडत होत्या, ती त्याच नोटिशींनी उभी राहिली होती. खालचा थर भिजला होता. मालकांनी काही न बोलता फायली उचलून पलंगावर ठेवायला काकांना मदत केली.

मोरी आता दुरुस्त झाली आहे. खर्च मालकांनी केला. काकांनी बिलावर शिक्का मारला.

मला विचाराल तर कायद्याच्या बाजूने काकांचं एकही अक्षर चुकलं नव्हतं. भाडं भरणाऱ्याचं घर हे त्याचं घर असतं, आणि मालकाने विचारल्याशिवाय पातेल्यावरचं झाकण उचलू नये, हे थोरल्या मालकांना कुणीतरी शिकवायलाच हवं होतं. चूक झाली ती धाकट्यांना तोच धडा पहिल्या पानापासून शिकवण्यात. कलम २८ मध्ये तास-मिनिटं घातली नाहीत ती जागा माणुसकीसाठी मोकळी सोडली आहे. तिथे माणसं आली नाहीत की कागद येऊन बसतात, आणि कागदाला गळती दिसत नाही.

तेव्हा घरमालकहो, आत जायचं असेल तर एक दिवस आधी दोन ओळी लिहून कळवा. कशासाठी येणार, बरोबर कोण, किती वाजता, एवढं पुरे. प्रत जपून ठेवा. भाडेकरूंनो, ज्या वेळी खरंच जमेल ती वेळ द्या आणि बादलीभर पाणी ओतू द्या. आणि दोघांनीही, गुरुवार टाळा.